गिऱ्हाइकाचं माप

शिंपिणीने गळ्यातली टेप काढली, कात्री बाजूला सारली आणि कापायच्या टेबलावर नणंदेने आणलेले तिन्ही कागद शेजारी शेजारी पसरले. उडू नयेत म्हणून एकावर बॉबिनची डबी ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर स्वतःचा तळहात. रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं.

"कापड बघितल्यासारखं काय बघतेस गं वहिनी? चोळून पोत कळत नाही याचा," नणंद हसली. तिने नुकतीच आरोग्य विम्याची एजन्सी घेतली होती, आणि सुरुवात माहेरापासून. "भावाच्या खिशात हात घालायचा पहिला मान बहिणीचा!"

"घाला वन्सं. खिसा मीच शिवलाय, तळाला भोक आहे."

नणंद पेनाने दाखवू लागली. "हा स्वस्तातला. ज्याचा त्याचा वेगळा, पण दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याला मर्यादा. हा मधला, तुम्हा तिघांना मिळून. एका पांघरुणात तिघं, ज्याला थंडी वाजेल त्याने ओढून घ्यायचं. आणि हा महागडा. हवी ती खोली घ्या."

"आणि थांबायचं किती?"

"कुठल्याही आजाराला पहिला महिना. आधीपासूनचं दुखणं असेल, तर स्वस्तात तीन वर्षं, मधल्यात दोन, महागड्यात एक."

"आधीपासूनचं म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं, की..."

"की काय?"

"काही नाही. तुम्ही सांगा."

शिंपिणीचा डावा कोपर बरगडीला चिकटला. पाच आठवडे तो तिथंच राहायला शिकला होता. सुईमागे दोरा, तशी तिच्यामागे भीती. चुलीपाशी ती, मशीनपाशी ती, निजायला गेलं तर उशाशीही तीच.

"महिना म्हणजे तीसच दिवस ना?" तिने विचारलं. आणि जरा वेळाने पुन्हा विचारलं.

नणंदेने मधल्या योजनेचा फॉर्म काढला. "दादा, लेक, दोघांचं झालं. आता तुझं. रक्तदाब?"

"नाही."

"साखर?"

"नाही."

"कुठे गाठ, सूज..."

"नाही."

प्रश्न अजून पुरा व्हायचा होता. नणंदेने वर पाहिलं. तेवढ्यात पेन गळलं आणि बोटं निळी झाली. पुसायला तिने मशीनच्या झाकणाखालचा ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा ओढला.

"तो नको!"

पण घडी उलगडली होती. डाव्या काखेच्या गोलाईखाली खडूची वर्तुळं, एकात एक. आतलं सदऱ्याच्या बटणाएवढं, बाहेरचं कोटाच्या. प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात एका रविवारची तारीख.

"हे कोणाचं माप?"

शिंपिणीने टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली. तिची दोन्ही टोकं मुठीत धरली.

"एका गिऱ्हाइकाचं."

 नणंदेने पेनाला टोपण लावलं.

"गिऱ्हाइकाने डॉक्टरला दाखवलंय?"

"दाखवलं की कागदावर येतं. आधी विमा घ्यायचा, महिनाभर कळ काढायची, मग..."

"कळ गिऱ्हाईक काढेल. हे काढतंय का?"

सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर नणंदेचं निळं बोट टेकलेलं होतं.  शटरखालून कुणाची तरी पावलं जाताना दिसली.

नणंदेने तिन्ही योजना आणि अर्धा भरलेला फॉर्म पिशवीत घातला. "फॉर्मचं मागून बघू. उद्या सकाळी आठला मी येते. गिऱ्हाइकाला म्हणावं, तयार राहा."

"यांना सांगू नका."

"दादाला? ते मी नाही, गिऱ्हाईकच सांगेल. दवाखान्यातून येताना."

तिने टेबलाच्या कडेचा खडू उचलला आणि पर्समध्ये टाकला.

"वन्सं, तो माझा..."

"माहीत आहे."

ती वाकून शटरखालून बाहेर पडली.

आजचं वर्तुळ काढायचं राहिलं होतं. शिंपीण टेबलाशी उभी राहिली. मग बरगडीला धरलेला डावा हात तिने हळूहळू सोडवला आणि वर उचलून धरला, माप द्यायला आलेल्या बाईसारखा.