मंडळी येतील तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. जुना आहे, पण वापरलेला नाही, आणि हेच माझं दुखणं आहे.

पाइन लाकडाचा सांगाडा, जाड फोम आणि क्रीम कापडावर लाल गुलाब. कारखान्यातून निघतानाच माझ्या अंगावर प्लॅस्टिक चढवलं होतं. ओहायोतल्या हमरस्त्यालगत नटुभाई पटेलांचं मोटेल होतं. त्यांनी मला विकत घेतलं आणि ऑफिसमागच्या आपल्या बिऱ्हाडात आणून ठेवलं. त्यांची आठ वर्षांची बिजल प्लॅस्टिक ओढायला धावली, तर तिच्या आईनं, कोकिलाबेननी, तिचा हात धरला.

"राहू दे. तुला बघायला मंडळी येतील ना, तेव्हा काढू."

त्या प्लॅस्टिकवर पाय चिकटायचे, म्हणून बिजल खाली गालिच्यावरच बसू लागली. अभ्यास तिथे, जेवण तिथे. आईबाप दिवसभर खोल्यांच्या चादरी बदलत. दर दिवाळीला ओल्या फडक्यानं मला पुसत, तेवढंच माझं कौतुक.

बिजल चोवीस वर्षांची झाली, दवाखान्यात नोकरीला लागली आणि मंडळी येऊ लागली. नटुभाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठल्या गावचे?" गुजरातेतल्या चरोतरातल्या सहा गावांच्या गोळाबाहेर, म्हणजे आपसांत सोयरीक करणाऱ्या गावांबाहेर, त्यांच्या घराण्यानं मुलगी दिली नव्हती.

"सोफा नवा घेतलात वाटतं?" एका मुलाच्या आईनं विचारलं.

"सोळा वर्षांचा आहे," कोकिलाबेन म्हणाल्या. मी फुगून गेलो.

बिजलनं तीन मुलांना नकार दिला. तिन्ही वेळा मंडळींची गाडी वळायच्या आत प्लॅस्टिक परत माझ्या अंगावर आलं.

मग एका रविवारी ती नेथनला घेऊन आली. तो शाळेत शिक्षक होता. येताना त्यानं कोकिलाबेनसाठी बर्फीचा डबा आणला होता. त्या दिवशी माझ्यावरचं प्लॅस्टिक तसंच होतं. तो अवघडून माझ्या कडेला बसला. जरा हलला की प्लॅस्टिक करकरे, आणि तो पुन्हा ताठ होई.

"कुठल्या गावचे?" नटुभाईंनी सवयीनं विचारलं.

नेथननं ओहायोतल्याच शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. कोकिलाबेनना हसू आलं, पण नवऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. बिजल उठली आणि तिनं प्लॅस्टिकचं टोक धरलं.

"काढू ना, पप्पा?"

"कशाला? मंडळी कुठं आलीयत?"

बिजलच्या हातातून टोक सुटलं. "पप्पा, लग्न तुमच्या हातानं व्हावं, एवढंच मागतेय मी. नाहीतर कोर्टात जाऊन सही करायला किती वेळ लागतो?"

नटुभाई उठून ऑफिसात गेले. बिजलनं पुढच्या महिन्यात कोर्टात लग्न केलं. त्यानंतर सहा वर्षं तिला फोन करायच्या त्या कोकिलाबेनच, नवरा बाहेर गेला की. आणि मग त्याही गेल्या.

बेसण्याच्या, म्हणजे लोक सांत्वनाला येऊन बसायच्या दिवशी सकाळी नटुभाई माझ्यापाशी आले आणि त्यांनी हातानंच प्लॅस्टिक फाडून काढलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना. ते टेकले आणि थेट फळीपर्यंत खाली गेले. बसायला कोणी नसताना माझ्यातल्या फोमचा भुगा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिजल आली आणि सरळ गालिच्यावर बसली.

"वर बस ना, बेटा."

"मला इथलीच सवय आहे, पप्पा."

नेथन दारातच उभा होता. नटुभाईंनी माझ्यावरची जागा हातानं झटकली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात ऑफिसात गिऱ्हाइकाची घंटा वाजली आणि नेथनच लगबगीनं तिकडे गेला. बिजल आणि तो संध्याकाळी निघून गेले, तरी 'बसा' हा शब्द नटुभाईंच्या तोंडातच राहिला होता.

मित्रांनो, आता मी मोटेलमागच्या कचरापेटीशेजारी पडलो आहे. माझी एवढीच विनवणी आहे, घरातली चांगली जागा आपल्या माणसांसाठी ठेवा, आणि माणसं दारात असतानाच त्यांना बसवून घ्या. उद्या कचऱ्याची गाडी येईल. माझे गुलाब अजून नवेकोरे आहेत.