सिंडाची किटली मीच ओढली

मी एक दाताळं बोलतोय, गवत-पाचोळा ओढायचं. मला चौदा दात आहेत, पण तोंड नाही. असतं, तर त्या शनिवारी मी ओरडलो असतो.

अलाबामातल्या एका आडगावात एझरा म्हाताऱ्याने मला विकत घेतलं. दांडा त्याने स्वतः तासला. दर उन्हाळ्यात तो मला चर्चमागच्या दफनभूमीत नेई. त्याच्या घराण्याच्या थडग्यांवर नावाचे दगड नव्हते. तांबड्या मातीचे उंचवटे, आणि त्यांवर फुटके कप, शिंपले, बंद पडलेलं घड्याळ. गेलेल्या माणसाने शेवटी हाताळलेली वस्तू फोडून त्याच्या उशाशी ठेवायची, ही इथली रीत. वस्तू जवळ आली की एझरा मला उचलून बाजूला ठेवी आणि तिथलं गवत हाताने उपटी. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. पण मला कळत होतं.

एझराचे दोन नातू. थोरला लुशियस त्याच्याजवळ वाढला, धाकटा डेल आईबरोबर शहरात. एझरा गेल्यावर लुशियसला पूर्वज शोधायचं वेड लागलं. कोर्टातल्या जुन्या दप्तरात त्याला एवढंच सापडलं : 'गुलाम बाई, वय तीस.' नाव नाही.

मग तो एझराच्या बहिणीला, ओझेला आजीला, दफनभूमीत घेऊन येऊ लागला. ती काठी रोखून सांगे, "ती पांढरी किटली दिसते? ती माझी पणजी, सिंडा. बाजूचं घड्याळ टोबायस काकाचं. जन्मात कधी वेळेवर आला नाही मेला, पण घड्याळाला किल्ली रोज द्यायचा!"

लुशियस हसत हसत वहीत लिहून घेई. पुढे आजीची नजर गेली. मागच्या मार्चमध्ये लाकूडगिरणीत ओंडक्यांची चळत घसरली आणि लुशियसही गेला. वय एकतीस.

डेल आला. रडला नाही. शनिवारी सकाळी मला खांद्यावर टाकून तडक दफनभूमीत गेला.

"काय उकिरडा केलाय! माझ्या दादाला या कचऱ्यात पुरणार?"

आणि त्याने मला ओढलं. शिंपले आले, घड्याळ आलं. किटलीची तोटी माझ्या दातांत अडकली, तेव्हा त्याने आणखी जोर लावला. दुपारपर्यंत जमीन तळहातासारखी साफ झाली. सगळं त्याने ओढ्याकाठच्या घळीत ओतलं. माझा दांडा जुना होता. तेव्हा तरी मोडायला हवा होता. मोडला नाही.

रविवारी मूठमाती झाली. ओझेला आजी चाचपडत पुढे आली. "सिंडाची किटली कुठाय? हात लावू दे मला."

"कसली किटली, आजी?"

"गाढवा, दादाची वही वाच!"

डेलला वाचायला वेळ लागतो. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने वाचलं. पांढरी किटली, सिंडा. घड्याळ, टोबायस. अशी तेवीस नावं. आता त्यातल्या एकाचीही जागा ठाऊक नव्हती.

तेव्हा तो रडला. सोमवारी घळीत उतरून त्याने नुसत्या हातांनी सगळं वेचलं. बोटं रक्ताळली. तीन पोती भरली. आजीला दफनभूमीत आणून तो म्हणाला, "कोर्टाने यांची नावं लिहिली नाहीत. या वस्तूंनी लिहिलेली मी पुसली. आता काय करू?"

आजीने तिन्ही पोती चाचपली. मग म्हणाली, "सगळं लुशियसच्या थडग्यावर ठेव. त्याला एकेकाचं नाव पाठ आहे. ज्याचं त्याला देईल तो."

डेलने एकेक तुकडा मांडला. शेवटी दादाची पेन्सिल मोडून उशाशी ठेवली.

आता मी पडवीत टांगलेला असतो. डेल दर रविवारी जातो, गवत हाताने उपटतो. मला नेत नाही, माझ्याकडे बघतही नाही. बरोबरच आहे. म्हणूनच त्याला दिसलेलं नाही की माझ्या सहाव्या आणि सातव्या दाताच्या मध्ये एक पांढरी कपची अजून अडकून आहे.

मला कुणी खाली उतरवलंच, तर ती झटकून टाकू नका. लुशियसकडे पोचवा. ती कुणाची आहे, ते त्याला ठाऊक आहे.