काना गावचा नव्हे, मोहोळचा रांजण

मी रांजण बोलतोय. हसू नका, आमच्या खानदानाची गोष्ट ख्रिस्ती देवळात वाचली जाते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, प्रभूच्या आईनं त्याच्या कानावर घातलं, त्यानं आईचा शब्द राखला आणि रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस झाला. ते रांजण दगडी होते. मी मातीचा, मोहोळच्या येडू कुंभाराच्या हातचा, पोटानं ऐसपैस आणि स्वभावानं जरा तोंडाळ.

राहेलबाई लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा बापानं मला तिच्यामागं बैलगाडीतून धाडलं. बजावलं, "पोरी, शनवारी सांजच्याला ह्यो काठोकाठ भरायचा. रविवार देवाचा, त्या दिशी पानी भरायचं न्हाय." पुढं नवरा गेला, केस पिकले, पण बाईचा शनिवार काही चुकला नाही.

तिचा एकुलता एक शांतवन मिलच्या ऑफिसात कारकून झाला. घरात नळ आला आणि पोराला शिंगं फुटली. "आई, नळ सोडला की पाणी. हा भोपळा कशाला हवा?"

भोपळा! मला!

"नळ काय तुज्या बापाचा हाय व्हय?" बाई म्हणायची.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात शांतवनाचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, सासरे हेडमास्तर. "पुण्याच्या माणसांना पुढच्या खोलीत हे ध्यान दिसलं तर काय म्हणतील?" असं म्हणत त्यानं शुक्रवारी मला रिकामं केलं, कवटाळलं आणि दारापर्यंत नेलं. पण मी आलो त्यानंतर दाराला नवी, अरुंद चौकट बसली होती. माझं पोट अडकलं.

"आई, हे बाहेर निघेना!"

"मंग ऱ्हाऊ दे की. तुज्या आदी आलाय त्यो ह्या घरात."

शनिवारी बाई म्हणाली, "लग्नघर हाय, पिपं भरून ठेव." नळवाले नवरदेव कशाला ऐकतायत! ते केक सांगायला सात रस्त्याच्या बेकरीत गेले. बाईनं मात्र मुकाट्यानं मला काठोकाठ भरलं आणि झाकण ठेवलं. रविवारी उपासनेहून आल्यावर शांतवनानं आत डोकावायची तसदी न घेता माझ्यावर फळी टाकली, वर पांढरी चादर अंथरली. "झालं टेबल!" सोमवारी माझ्या डोक्यावर तीन मजली केक विराजमान झाला. आता काय बोलायचं!

देवळातून वऱ्हाड घरी आलं. ऊन असं की बोलायची सोय नाही. नवरदेवानं ऐटीत नळ सोडला. नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला. अख्ख्या गल्लीत तीच रड.

आचारी महादेवप्पा डाव घेऊनच आत आला. "मालक, भात कशात शिजवू? घामात?" तिकडं हेडमास्तरांनी पुन्हा पाणी मागितलं. शांतवनाचं तोंड एवढंसं झालं. नव्या सोयऱ्यांना पहिल्याच दिवशी तहानलेलं, उपाशी परत धाडायची पाळी आली होती.

"शांतवन, केक उचल," राहेलबाई म्हणाली.

"आई, इथं माझी अब्रू चाललीय आणि तुला केक सुचतोय?"

"उचल म्हनते न्हवं!"

काय झालं कोण जाणे, पोरानं या वेळी 'का' विचारलं नाही. केक उचलला, चादर ओढली, फळी सरकवली, झाकण काढलं. आत गारेगार पाणी, काठापर्यंत! तो माझ्याकडं बघतच राहिला. मग भर वऱ्हाडात, नव्या सुटात, आईचे हात धरून ढसाढसा रडला. "चुकलो गं आई!"

"रड मागनं. आदी पावन्यास्नी पानी दे. आन् हात धुवाया न्हाय, पियाला आन् भाताला!"

पहिला पेला लग्न लावून आलेल्या पाळकसाहेबांनी तोंडाला लावला, तेव्हा मी त्यांच्या मिशांवर नजर रोखली. लग्न, आई, मुलगा, रांजण, सगळं जुळून आलेलं. भलतीच अपेक्षा केली तर? मी आपला मोहोळचा. मला पाण्याचं पाणीच ठेवता येतं.

पाळकसाहेबांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "राहेलबाई, याच्यापुढं द्राक्षारस काय करायचाय!"

आता माझ्या बुडाला चीर गेलीय. शांतवनानं स्वतः सिमेंट लावलंय. नळ रोज येतो, तरी दर शनिवारी तोच मला भरतो, कधीकधी कुरकुरतसुद्धा. बाई खाटेवरून विचारते, "भरला का रं?"

"भरला गं आई."

हे ऐकलं की मला फार बरं वाटतं.

बरं, येतो. तुमचीही आई कधी भलत्या वेळी भलतंच काही उचलायला सांगेल. वाद घालायचाय? घाला की, खुशाल घाला. पण आधी केक उचला.