पोटात राहिलेली पाणाडीण

मी एक जुनी नागीण आहे. मित्रांनो, उठून पळू नका, खाली बसा. मी वाळवंटातली आहे आणि तुमच्या घरात वाळवंट नाही, तेव्हा तूर्तास तुम्हाला भीती नाही. शिवाय मी खेळातली आहे. खेळातली म्हणजे खोटी, असं ज्याला वाटत असेल त्याने माझ्या तोंडात हात घालून पाहावा. मग बोलू.

माझा जन्म एका दातवाल्याच्या कामाच्या खोलीत झाला. दातवाला म्हणजे दात उपटणारा डॉक्टर नव्हे; ज्यांचे दात गेले त्यांना कवळ्या करून देणारा कारागीर. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून बसलेले. कोपऱ्यात कवळ्या घासायचं यंत्र. नवा माणूस खोलीत आला की आधी दचकायचा आणि मग गुपचूप स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायचा.

दातवाल्याला दोन मुली, थोरली आणि धाकटी. त्यांच्या खेळासाठी त्याने मला घडवलं. आत तारेचा कणा, त्यावर जाळी, जाळीवर प्लास्टर. मेण कोरायच्या सुरीने त्याने माझा एकेक खवला काढला. डोळ्यांच्या जागी कोटाची दोन काळी बटणं बसवली. पापण्या दिल्या नाहीत. त्यामुळे मी आजवर डोळा मिटलेला नाही. गळा अरुंद ठेवला, खाली पोटाचं वेटोळं पोकळ ठेवलं.

दात मात्र त्याने नवे केले नाहीत. त्याची आई नुकतीच गेली होती आणि तिची कवळी खिडकीतल्या पेल्यात तशीच बुडून होती. पाणी ओतायचं धाडस घरात कुणाला होईना. त्याची बायको म्हणाली, "टाकायची कुठे? सासूबाई आहेत त्या, कचऱ्यातूनसुद्धा बोलतील." शेवटी त्याने ती कवळी उचलली आणि माझ्या जबड्यात बसवली. सापाच्या तोंडात माणसाच्या दाढा! ती बाई दोन इयत्ता शिकली होती आणि भल्याभल्यांना पुरून उरली होती. माझंही शिक्षण तेवढंच आहे, आणि जीभ मुळातच दुभंगलेली. तेव्हा माझ्या बोलण्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नये.

आता खेळ कसा होता ते सांगते. त्यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. दार फोडायचं असो की कुणाशी झुंजायचं असो, फासे टाकायचे. फासे म्हणतील ते खरं. गोष्ट दातवाला सांगायचा. पत्र्याचा मोठा ट्रे बारीक चाळलेल्या वाळूने भरलेला असे आणि त्या वाळूत तो मला पुरून ठेवी. कुठे, ते मुलींना ठाऊक नसे. थोरली त्या गोष्टीत पाणाडीण होती, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधणारी. तिच्या सोंगटीच्या हातात दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेली, काडी होती. धाकटी चोर होती. दातवाल्याने दोघींच्या सोंगट्या हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकच्या केल्या होत्या, त्यामुळे त्या कातडी सोलल्यासारख्या दिसत.

त्या वाळवंटातल्या सगळ्या विहिरी मीच पिऊन टाकल्या होत्या. मला तिथे वाळूखालची म्हातारी म्हणत. सोंगट्या चालू लागल्या की दातवाला ट्रेखालून एक तार हळूच ओढी. वाळू उडत नसे, आवाज होत नसे. एका ठिकाणी ती नुसती खचे, बशीएवढी. मुलींचे श्वास अडकत. मग तो माझा आवाज काढून विचारी, "कोण चालतंय माझ्या पाठीवर?"

त्यावर उत्तर द्यायचं नसे. उत्तर दिलं की मी जागा ओळखते.

मी ज्याला गिळते तो मरत नाही, मित्रांनो. तो माझ्या पोटात चालत राहतो. तिथे ना ऊन, ना सावली, ना पुढे, ना मागे. म्हणून त्या घरात एक नियम होता. जिला मी गिळलं तिची सोंगटी माझ्या घशातून पोटात सोडायची, आणि तेव्हापासून तिने सोबतच्या खेळाडूशी चकार शब्द बोलायचा नाही. जिच्यामुळे ती गिळली गेली तिनेच माझ्या तोंडात हात घालून तिला बाहेर काढायची. तोवर अबोला. नियम दातवाल्याचा, पण तो पाळण्यात थोरलीचा हात कुणी धरू शकत नसे. नियम म्हणजे नियम, हे ती दुधाचे दात पडायच्या वयापासून म्हणत आली होती.

आणि मग तो दिवस आला. पाणाडीण आणि चोर एकमेकींच्या कमरेला दोर बांधून मिठागरावरून चालल्या होत्या. पाण्याची पखाल चोराच्या पाठीवर होती. वाळू पाणाडिणीच्या पायाखाली खचली. धाकटीने जरा विचार केल्याचं सोंग केलं आणि म्हणाली, "मी दोर कापते." फासे टाकले. दोर कापला गेला. दातवाल्याने गुलाबी पाणाडीण माझ्या दातांमधून आत ढकलली आणि थोरलीने ओठ मिटले.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले, तोंडावर रुमाल धरून. त्यांची कवळी दुभंगली होती आणि संध्याकाळी त्यांना सभेत भाषण करायचं होतं. बिचारे बोलू शकत नव्हते, नुसते हातवारे करत होते. दातवाल्याने घाईने ट्रे उचलला, मला डब्यात घातलं आणि झाकण लावलं. थोरलीने नखाने झाकणावर टकटक केलं. ती आत आहे, आधी तिला काढ, असं तिला म्हणायचं होतं. धाकटी हसली. "राहू दे आत. घरात तेवढीच शांतता," असं म्हणून खेळायला बाहेर पळाली.

मोठ्यांना वाटलं, पोरींचा हट्ट आहे, दोन दिवसांत उतरेल. पुढच्या खेळाच्या वेळी दातवाल्याने मला टेबलावर ठेवलं आणि धाकटीला म्हणाला, घाल हात. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. हा पोरखेळ आहे, मी आता मोठी झाले, असं सांगून ती उठून गेली. खरं कारण मला ठाऊक होतं. लहानपणी तिने एकदा त्या पेल्यात बोट घातलं होतं, आणि तिच्या आजीने पेला हलवून दात असे काही वाजवले होते की पोरगी आठवडाभर त्या खोलीकडे फिरकली नव्हती. तिला माझ्या दातांची भीती वाटत होती. पण भित्री म्हणवून घेण्यापेक्षा तिला निष्ठुर म्हणवून घेणं परवडलं. त्याच दातांची नात ती.

मला कामाच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. तिथून मी सगळं ऐकत राहिले. दोघी बहिणी आईमार्फत बोलायला लागल्या. तिला सांग जेवण वाढलंय. तिला सांग मला दिसतंय. हट्टाची सवय झाली आणि सवयीचं हाड झालं. दोघी नोकरीला लागल्या, दोघींची लग्नं झाली, वेगवेगळ्या गावी गेल्या. धाकटी बाळाला आजोबांना दाखवायला घेऊन आली तेव्हा थोरलीही आली होती. तिने बाळाला मांडीवर घेतलं, पापे घेतले, आणि बाळाला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, टाळूवर वारं लागतंय, टोपडं घाल." बाळाने काय सांगायचं कपाळ!

इकडे माझ्या पोटात पाणाडीण चालत होती. काडी टेकत टेकत. टक्. मग बऱ्याच वेळाने, टक्. तुम्ही म्हणाल, घासायचं यंत्र सुरू झालं की कपाट थरथरत असेल आणि सोंगटी हलत असेल. मीही स्वतःला तेच सांगायचे.

एका दुपारी दातवाल्याने डबा उघडला. तो आता म्हातारा झाला होता. त्याने माझ्या घशापर्यंत बोट आणलं आणि मागे घेतलं. नियम त्याचाच होता ना. मग अगदी हळू, खेळात माझा आवाज काढत असे तसा, तो म्हणाला, "कोण चालतंय माझ्या पाठीवर?" आणि झाकण लावलं.

त्यानंतर यंत्र एके दिवशी थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. घरात पुष्कळ पावलं वाजली, मग कमी झाली. कपाट स्तब्ध होतं. आणि आतून आवाज आला. टक्.

मग डब्यात कुणीतरी विचारलं, कोण चालतंय? तो आवाज दातवाल्याचा नव्हता. बाईमाणसाचा होता, जरबेचा. डब्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, मित्रांनो. माझे दात तेवढे एकमेकांवर वाजत होते.

खोली रिकामी करायला दोघी मुली आल्या. आईने पदर खोचला होता. प्लास्टरचे जबडे पोत्यात जात होते. थोरलीने कपाट उघडलं, डबा हातात घेतला आणि जागीच उभी राहिली. आत टक् झालं होतं.

आईने मला बाहेर काढून उलटी केली आणि हलवली. काडी माझ्या घशात आडवी अडकली, सोंगटी येईना. आईचा संयम सुटला. "मी गेल्यावर निरोप कुणाकडे देणार आहात? माझ्या फोटोकडे? तो फोटो काय निरोप पोचवणार आहे?" असं म्हणून तिने टेबलावरची हातोडी उचलली. एका घावात मी आणि तो अबोला दोन्ही मोडायचं तिच्या मनात होतं. पण तशाने अबोला मोडत नाही. पाणाडीण फुटून निघाली असती, तर तिला काढलं कुणीच नसतं. ती कायमची माझ्यात राहिली असती, फक्त मी नसते.

दोन हात एकदम पुढे आले आणि आईचं मनगट धरलं. एक थोरलीचा, एक धाकटीचा.

मग धाकटीने मला स्वतःकडे ओढलं. तिची मान घामाने भिजली होती. माझ्या बटणांकडे न पाहता तिने हात माझ्या तोंडात घातला. दाढा तिच्या मनगटावरून खरवडत गेल्या. हात खाली उतरला, पोटात पोचला, सोंगटी मुठीत आली. आणि हात अडकला.

तेव्हाच घातला असता तर तो सुळकन गेला असता आणि सुळकन आला असता. लहान पोरीचा हात तो. हात मोठा होतो, मित्रांनो. तोंड तेवढंच राहतं.

काही लोक म्हणतील, प्लास्टरला हालचाल नसते, मूठ अरुंद गळ्यात अडकणारच. म्हणोत बापडे. मी जबडा आवळला होता. सुखासुखी सोडलं असतं तर ही पुन्हा हसली असती, आणि ती पुन्हा गप्प राहिली असती.

धाकटी पांढरीफटक पडली. माझ्या आतून तिने तो जरबेचा आवाज ऐकला असावा, कारण ती एकदम थांबली. आई म्हणाली, सोड ती सोंगटी, हात तरी निघेल. मूठ उघडली असती तर हात खरंच निघाला असता. धाकटीच्या मनगटावर रक्ताचे थेंब आले.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "एकदा दोर कापला तेवढा बस झाला."

पाणाडीण अजून माझ्या पोटात होती, म्हणजे थोरलीला बोलायची मुभा नव्हती. नियम म्हणजे नियम. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला पापण्या नाहीत, मला पाहावंच लागतं. तिचे ओठ हलले, मिटले, परत हलले.

"मूठ आडवी कर, येडे," थोरली म्हणाली. आवाज गंजल्यासारखा आला. "अंगठा आत घे. आणि ओढू नकोस, फिरव."

धाकटीने अंगठा आत घेतला. मूठ आडवी फिरवली. मी जबडा सैल केला, किंवा नाही केला. तुम्हाला पटेल ते धरा. हात बाहेर आला. मुठीत गुलाबी पाणाडीण होती, काडीसकट.

आईने हातोडी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावायच्या आधी म्हणाली, "चहा टाकते. तिला सांग, हिला सांग मी आता करायची नाही." ती स्वयंपाकघरात गेली. थोरलीने धाकटीच्या मनगटाला आपला रुमाल बांधला, जरा जास्तच घट्ट, आणि किती उशीर लावलास म्हणून तिला जे बोलायला सुरुवात केली ती चहा निवाला तरी थांबली नाही. इतक्या वर्षांचं साठलं होतं.

आता मी धाकटीच्या घरी फळीवर असते. तिचं पोर मला रोज फडक्याने पुसतं, आणि पुसताना माझ्या तोंडापासून बोटं जपून लांब ठेवतं. शहाणं आहे. खेळ आवरताना ते माझ्या पोटात डोकावून पाहतं, कुणी राहिलं तर नाही ना. त्याला तेवढं शिकवलंय. मला वाळू मिळते, मान मिळते, आणखी काय हवं म्हाताऱ्या जिवाला?

तुम्हीही तेवढं करा, मित्रांनो. खेळ मोडून उठताना कुणाची सोंगटी आत राहिली का ते आधी पाहा, मग झाकण लावा. रिकामं पोट वाजत नाही. तुमच्या घरी एखादा बंद डबा टक् टक् करत असेल, तर यंत्राची थरथर म्हणून सोडून देऊ नका. उघडा. हात आत घाला. दात लागतील.

लागू द्या.