मधली काठी

वारा पडला होता आणि मिर्तालेच्या नवऱ्याचं, लिकोसचं, जहाज मिलेटसच्या धक्क्यासमोर, भर समुद्रात अडकलं होतं.

"बाबा, किती लांब असेल हो लिकोस?"

"पोहत जाऊन मोजू नकोस म्हणजे झालं!" भूमिती शिकवण्यात म्हातारा झालेला तिचा बाप खेकसला. त्यानं बरोबर जहाजासमोर एक काठी रोवली, किनाऱ्यानं पुढे दुसरी आणि तेवढ्याच अंतरावर तिसरी. "आता तिसरीपासून जमिनीकडे सरळ आत चालत जा. मधली काठी आणि जहाज एका रेषेत दिसलं की थांब. कोन, बाजू, कोन, तिन्ही सारखे. दोन्ही त्रिकोण एकरूप. तू जेवढी आत, तेवढाच तो बाहेर."

ती ऑलिव्हच्या झाडांत जाऊन थांबली. बघते तर जहाज काठीच्या रेषेतून सरकलेलं. वारा सुटला होता. रेष जुळवायला ती एक पाऊल किनाऱ्याकडे आली, मग आणखी एक. पाण्यावरून तोही तेवढाच येत होता, जणू तिच्याच पावलांनी.

ती तिसऱ्या काठीशी पोचली, तेव्हा तो पहिलीशी उतरला. दोघंही मध्याकडे धावत सुटली.

"अरे, सिद्धता तरी पुरी होऊ द्या!" म्हातारा ओरडला. तोवर मधली काठी आडवी झाली होती.