छोट्या तलावावर एकमत

मी नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं देते. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे सगळं गाव, आणि मधे एवढंसं भोक. त्या भोकातून माणसाचा चेहरा धड दिसत नाही, पण बोलणं शब्दन् शब्द आत येतं. त्यामुळे राजकारणाचं माझं शिक्षण बसल्या जागी फुकटात झालंय.

सकाळच्या पाळीला तिघं नेमानं येतात. एक निवृत्त प्राध्यापक, दुसरे बाटल्यांची झाकणं बनवणारे कारखानदार, तिसरे वकील. पोहणं आपलं नावाला. जरा डुंबायचं आणि मग टॉवेल गुंडाळून माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर भांडत बसायचं. मी त्यांना मनातल्या मनात ओले पंडित म्हणते. वकील स्वतः भांडत नाहीत, ते भांडण चालवतात. त्यांनी नियमच करून ठेवलाय: शब्दाचा अर्थ सगळ्यांना पटल्याशिवाय त्या शब्दावर पुढे जायचं नाही, आणि बाहेर जाऊन बोलायचं ते तिघांचं जुळेल तेवढंच. ऐकायला किती छान वाटतं, नाही? मलाही वाटायचं.

मग बातमी आली की पालिका तलाव ठेकेदाराला देणार. मोठा तलाव तो चालवणार आणि शेजारचा छोटा, कोमट पाण्याचा, कायमचा बंद. पाणी तापवायला खर्च येतो आणि उतरतं कोण, तर म्हातारीकोतारी आणि दुखणाईत माणसं. माझी आई त्यातलीच. झटका आल्यापासून तिचा उजवा हात घरी मांडीवर नुसता पडून असतो. त्या पाण्यात मात्र तो हळूहळू खांद्यापर्यंत वर येतो. तेव्हा ती माझ्याकडे अशी बघते, जणू काही बक्षीस मिळालंय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, पाण्यात उतरणं थांबलं की हात गेला.

निर्णयाआधी जाहीर सुनावणी होती. मी पडले पालिकेची नोकर. तिथं तोंड उघडलं असतं तर ही खिडकीही गेली असती. म्हणून मी ओल्या पंडितांना गळ घातली.

"तुम्ही शिकलेली माणसं. आमच्या वतीनं बोला ना."

"ताई, निर्धास्त राहा," वकील म्हणाले.

"मावशींचा हात हा आपला पहिला मुद्दा," प्राध्यापक अगदी मनापासून म्हणाले.

"अगदी! छोटा तलाव राहिलाच पाहिजे," कारखानदारांनी बाकावर थाप मारली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिघांना मी माझ्यातर्फे चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी माशी शिंकली.

"सुरुवात अशी करू," प्राध्यापक म्हणाले, "की हा नवउदारमतवाद आहे."

"ही शिवी झाली. अर्थ सांगा," कारखानदार म्हणाले.

"जे सगळ्यांचं, ते उचलून बाजारात मांडायचं. हा अर्थ."

"मग पालिकेचे झाडू दुकानातून येतात, तोही नवउदारमतवाद का? अहो, मागे पाण्यात क्लोरीन जास्त पडलं होतं, तेव्हासुद्धा तुम्ही हेच म्हणालात!"

"आणि तुम्ही म्हणता असलं काही नसतंच. मग हा ठेकेदार काय आभाळातून पडला?"

"पालिकेला चालवता येत नाही, म्हणून आला. गळका शॉवर कुठल्या वादात बसतो, ते सांगा आधी!"

मी एकदा न राहवून भोकातून म्हटलं, "अहो, छोटा तलाव चालू ठेवा, एवढंच सांगायचंय ना?"

वकिलांनी बोट वर केलं. "ताई, आधी व्याख्या."

सुनावणीपर्यंत रोज हेच. त्या एका शब्दाचा त्यांनी असा कीस पाडला की माझे कान किटले. पण मनात म्हटलं, मोठी माणसं आहेत, त्यांची रीत त्यांना ठाऊक. घरी आईला सांगायचे, तुझ्यासाठी जोरात तयारी चाललीय.

सुनावणीला आई हट्टानं आली, ठेवणीतले कपडे घालून. आम्ही मागच्या बाकावर बसलो. वकील उभे राहिले आणि काय सुंदर बोलले! शॉवर दुरुस्त करा. तिकीट वर्षातून एकदाच वाढवा. पाण्याच्या तपासणीचा निकाल दारावर लावा. अध्यक्ष मान डोलवत होते.

आई माझ्या कानाशी आली. "आता माझं?"

"हो, आता तुझंच."

वकील "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले.

तिन्ही मागण्या तिथल्या तिथं मान्य झाल्या. ठेकाही मंजूर झाला, आणि छोटा तलाव महिनाअखेर बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात तिघं हसत हसत आमच्याकडे आले. "तिन्हीच्या तिन्ही मान्य, ताई!"

"आणि छोटा तलाव?" माझं डोकं भणभणत होतं. "नको होता का तुम्हाला तो? तसं सांगायचं तरी!"

"छे छे!" कारखानदार दुखावलेच. "तो राहावा, यावर तर पहिल्या दिवसापासून एकमत! का राहावा, तिथं गाडं अडलं. हे म्हणतात, तो हक्क आहे आणि तो काढून घेणं म्हणजे नवउदारमतवाद. मी म्हणतो, ही साधी माणुसकी आहे, हक्क कसला?"

"माणुसकीवर सोडलं की उद्या मनात आलं तर बंद!" प्राध्यापक उसळले.

"बघा! बघा, इथंच!" आणि दोघांची तिथंच परत जुंपली.

वकील आईसमोर वाकले. माणूस मनानं वाईट नाही. "मावशी, राग मानू नका. जे वादग्रस्त असेल ते वगळायचं, असा आमचा नियम आहे."

त्या दोघांच्या कलकलाटात आईला काही ऐकू आलं नाही. तिनं माझी बाही ओढली. "काय म्हणतात गं?"

"तुझा हात वादग्रस्त आहे म्हणतात," मी म्हटलं.

आईनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"हा?" ती म्हणाली.