मूठभर जुना कापूस

"ताट कुठे घेऊन चाललीस?" बाबांनी विचारलं.

ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. हातात बाबांचं ताट, ताटात जवळजवळ तसाच राहिलेला भात, आणि समोर ओट्यावर उघडा ठेवलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा.

"घासायला."

"घासायच्या आधी त्याला काट्यावर बसवतेस, ते दिसतं हो मला. डोळे शाबूत आहेत अजून." बाबा हसले. "काय डॉक्टरीणबाई, उंदरांचंही असंच करतेस?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "असंच करते. दिलेल्यातून उरलेलं वजा करायचं."

"मग त्यांना तरी कळू देऊ नकोस. खायची लाज वाटायला लागते."

मेंदूच्या अगदी बुडाशी बदामापेक्षाही लहान असा एक भाग असतो. भूक, तहान, अंगातली ऊब, कुठलं हार्मोन कधी आणि किती सुटायचं, हा सगळा कारभार तिथून चालतो. त्या भागातल्या भूक लावणाऱ्या पेशींवर तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्या पेशी जाग्या केल्या की पोट तुडुंब भरलेला उंदीरही खाण्याकडे धावतो, हे ती परिषदांमधून पडद्यावर दाखवत असे. आणि घरी तिच्या टेबलाशी बसलेला माणूस चार घास खाऊन हात आखडता घेत होता.

आई गेल्यावर तिनेच बाबांना आपल्याकडे आणलं. त्यांच्यासाठी पूर्वेची खोली रंगवून घेतली. नवा पलंग, नवी दुलई, नवी ताटं, काचेचं नवं जेवणाचं टेबल. बाबांनी कशालाच नावं ठेवली नाहीत. फक्त लिफ्टवर त्यांचा राग होता. लिफ्ट दुरुस्त करण्यातच त्यांचा जन्म गेला होता, आणि या इमारतीतली लिफ्ट जराही आवाज न करता वर येई.

"आली की गेली ते कळायला नको?" ते म्हणत. "चोरासारखी येते मेली."

वजन उतरायला लागलं तशी तिने एकूण एक तपासणी करून घेतली. थायरॉईड झालं, साखर झाली, मेंदूचा फोटोसुद्धा काढून झाला. तिच्या विषयातलं जे जे बिघडू शकत होतं, ते सगळं ठणठणीत होतं. तिचा जुना वर्गमित्र बाबांना तपासत होता. तो म्हणाला, "सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर भरती करून नाकातून नळी घालू. दुसरा इलाज नाही."

बाबांनी ते ऐकलं होतं. घरी येताना गाडीत म्हणाले, "नळी मी घालून घेणार नाही. बंद पडलेली लिफ्ट हाताने ओढून मजल्याला लावतात, लोकांना बाहेर काढायला. तिला कुणी चालू लिफ्ट म्हणत नाही."



शुक्रवारी ती प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा चिवचिव दारातच उभी होती. ही तिची नवी विद्यार्थिनी. अखंड बोलायची, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव चिवचिव ठेवलं होतं. आज ती गप्प होती.

"काय झालं?"

"मॅडम, उंदीर खातच नाहीयेत. औषध दिलेलेही नाहीत आणि न दिलेलेही नाहीत. रक्तातलं ताणाचं हार्मोन तर आभाळाला टेकलंय. सगळा आठवडा पाण्यात."

तिने एका पिंजऱ्यात वाकून पाहिलं. भुसा पांढरास्वच्छ, पाण्याची बाटली लखलखीत. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि अन्नाच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"पिंजरे कुणी बदलले?"

"मीच. काल. एकदम चकाचक केले."

"आणि घरटी?"

"टाकून दिली."

तिने डोळे मिटून घेतले. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच्या हाताने पहिलं काम हेच शिकवत असे. पिंजरा बदलताना घाण झालेला भुसा सगळा टाकायचा, पण घरट्यातला मूठभर जुना कापूस नव्या पिंजऱ्यात घालायचा. त्याला त्या उंदराचा स्वतःचा वास असतो. तेवढ्यावर तो नवी जागा आपली मानतो. नाहीतर भीतीने त्याची भूक उडते.

"तुला दाखवलं होतं ना मी?"

"दाखवलं होतं, मॅडम. पण तो कापूस इतका पिवळा पडला होता, कसातरीच. मला वाटलं, स्वच्छ जागेत आले की त्यांना बरं वाटेल."

रागवायला उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं. हे वाक्य तिचं होतं. जुन्या घरातल्या सामानाचं काय करायचं, असं धाकट्या भावाने विचारलं, तेव्हा ती फोनवर हेच म्हणाली होती. सगळं काढून टाक, कळकट झालंय. स्वच्छ जागेत आले की बाबांना बरं वाटेल.

"मॅडम, रागवा ना," चिवचिव रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात की जास्त भीती वाटते."

"नंतर रागावते. सवडीने." तिने खांद्याला पर्स लावली. "प्रयोग पुन्हा करू. आता मला जरा जायचंय."

धाकटा भाऊ जुन्या घराच्या अंगणात दाराला रंग देत होता. तिला भर दुपारी आलेली पाहून त्याने कुंचला खाली ठेवला.

"ताई? बाबा बरे आहेत ना?"

"आहेत. या घरातलं काय काय उरलंय?"

"आता आठवलं होय तुला! काही नाही उरलं. कपाट गेलं, पलंग गेला, भांडी गेली. तूच म्हणालीस, एक चमचासुद्धा ठेवू नकोस."

"म्हणाले होते रे. माहीत आहे."

तिचं लक्ष भिंतीशी उभ्या असलेल्या स्कूटरकडे गेलं. स्कूटरवर मेणकापड टाकलेलं होतं. लाल चेरींच्या चित्रांचं, विटलेलं. जुन्या जेवणाच्या टेबलावरचं. एका कडेला सुरीचा काप होता. तो तिनेच लहानपणी केला होता आणि त्याबद्दल फटकाही खाल्ला होता. समोरासमोरच्या दोन बाजूंना चेरी पार पुसल्या जाऊन आतले पांढरे धागे दिसत होते. दोन माणसांच्या कोपरांनी इतक्या वर्षांत तिथली चित्रं उडवली होती.

तिने ते ओढून काढलं.

"अगं, माझी स्कूटर भिजेल!"

"स्कूटरला भूक लागत नाही," ती म्हणाली आणि मेणकापडाची घडी घालायला लागली.

घरी आल्यावर तिने ते मोरीत नेलं, नळ सोडला, साबण हातात घेतला. मग नळ बंद केला. कोरड्या फडक्याने वरची धूळ तेवढी झटकली आणि मेणकापड काचेच्या टेबलावर अंथरलं. ते टेबलापेक्षा मोठं होतं. एका बाजूने चांगलंच लोंबत होतं.

जेवायची वेळ झाली तसे बाबा खोलीतून आले आणि टेबलाजवळ उभे राहिले.

"हे कुठे होतं?"

"स्कूटरवर."

"बरीच फिरून आली म्हणायची स्वारी." त्यांनी बोटांनी सुरीचा काप चाचपला. मग मान हलवली. "उलटं घातलंस गं. तुझी आई खिडकीकडे बसायची."

दोघांनी दोन बाजूंनी धरून ते फिरवून घेतलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुसलेल्या चेरींवर कोपरं टेकली. तिने वाटीभर सूप, उकडलेलं अंडं आणि पाव वाढला. तिचा हात सवयीने कपाटातल्या काट्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. समोरच्या खुर्चीवर ती बसली नाही, बाजूची घेतली.

बाबा जेवू लागले. सावकाश, समोर बघत. एकदा मीठ मागितलं. पावाचा तुकडा सुपात बुडवून खाल्ला. मग आणखी एक. ती स्वतःच्या वाटीत बघत राहिली. पिंजऱ्यापाशी उभं राहून टक लावून बघू नये, हेही ती सगळ्यांना शिकवत असे.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी कधीच भूक नसायची," बाबा म्हणाले. "नको नको म्हणायची, आणि माझ्या पानातला शेवटचा तुकडा पळवायची. रोज."

"तुम्हाला राग नाही यायचा?"

"यायचा की. म्हणून तर आधीचं सगळं भरभर खायचो."

त्यांनी चमच्याने वाटी खरवडून घेतली. उरलेला पावाचा एक तुकडा उचलून पलीकडच्या बाजूला, चेरी उडालेल्या जागेवर ठेवला आणि हात पुसले.

"त्या तुझ्या मित्राला सांग, नळी दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणावं. आणि हे बघ, सूप अळणी होतं हो."

"उद्या घालते मीठ."

ते उठून खोलीत गेले. तिने भांडी उचलून मोरीत ठेवली, ओलं फडकं आणलं आणि टेबल पुसायला घेतलं. सुरीच्या कापावरून, बाबांच्या कोपरांच्या जागेवरून, लोंबणाऱ्या कडेपर्यंत. खिडकीच्या बाजूला आल्यावर तिचा हात हळू झाला. त्या तुकड्याला धक्का न लावता तिने त्याच्या भोवतीने पुसून घेतलं.